शेवटच्या कडव्यातलं ऊन

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला माझं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे, आणि सोयाबीन उगवलं नाही म्हणून पिशवी परत घेऊन येणाऱ्या माणसाशी भांडणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. फोनवर गौतमचा मुलगा राहुल होता, कलबुर्गीहून. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो. मग त्या गिऱ्हाइकाला पिशवी बदलून दिली. तो माझ्याकडं बघतच राहिला. "कामून ओ अण्णा, काय झालं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आमचे सर गेले." खरं तर तो माझा सर नव्हता, आम्ही एका बाकावर बसून शिकलो. पण गाव त्याला सर म्हणायचं, आणि अशा वेळी तोंडातून गावाचीच भाषा निघते.

आता काही आठवडे झाले. त्याचा एक जुना विद्यार्थी पेपरात आहे, त्यानं हा लेख लिहायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मात खताच्या दुकानाच्या पाटीपलीकडं काही लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "सरांच्या कवितेचं लिहा, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई." सरांची कविता म्हणजे सरांनी लिहिलेली नव्हे. गौतमनं एकही ओळ कधी लिहिली नाही. ती नववीच्या पुस्तकातली एका जुन्या कवीची कविता होती, आणि गौतमनं सगळं आयुष्य तिच्या अर्थात घातलं.

आमचं गाव हायवे सोडून आत आहे. गावाच्या मावळतीला तांबड्या दगडाची उंच दरड होती आणि तिच्या पायथ्याला झिरा होता. दगडातून पाणी पाझरायचं, दगडी डोणीत साठायचं आणि भरून वाहिलं की ओढ्याला लागायचं. वर एक जुनं जांभूळ, बाजूला शिंदीची झाडं. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या तरी झिरा चालू असायचा. होता, असायचा, असं लिहितोय ते कामून, ते पुढं येईलच.

कवितेत काय होतं? एक माणूस, कवी स्वतःच, गाव मागं टाकून एकटा डोंगराकडं जातो. तांबड्या दरडीच्या पोटातून येणारं पाणी त्याला दिसतं, वरती जांभूळ, पलीकडं शिंदीची झाडं. तो पाण्यापाशी बसतो. पाणी त्याच्याशी बोलतं, पानं बोलतात, वगैरे वगैरे, जुन्या कवितांत जसं असतं तसं. शेवटच्या कडव्यात दिवसाचं शेवटचं ऊन पाण्यात उतरतं, पाणी सोन्याचं होतं, आणि कवी म्हणतो की आता माझं मागायचं काही उरलं नाही. संपली कविता.

आम्ही नववीत होतो तेव्हा गुरुजींनी वर्गात छातीठोक सांगितलं की ही कविता आपल्याच झिऱ्यावरची आहे. कवी निजामाच्या काळात इकडं नोकरीला होता म्हणे. त्यांना हे कुणी सांगितलं ते विचारायची सोय नव्हती, त्यांच्या हातात शिंदीचाच फोक असायचा. पण आम्हाला ते पटलं, पटायलाच पाहिजे होतं. आमच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. मराठीच्या पुस्तकात पुण्याचे पूल यायचे, कोकणातले माड यायचे, आमचं म्हणावं असं काही कधी आलंच नाही. आणि अचानक एका कवितेत तांबडी दरड, जांभूळ आणि शिंदी! गावानं ती कविता दत्तकच घेतली. पुढं पोरांनी झिऱ्यावर 'कवितेचा झिरा' अशी पाटीसुद्धा लावली.

गुरुजींनी वर्ग झिऱ्यावर नेला होता त्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. म्हटलं, "गुरुजी, झिरा दरडीच्या उगवतीला हाय. सूर्य दरडीमागं जातोय. चारालाच सावली पडतीय हितं. मग शेवटचं ऊन पाण्यात कसं उतरलं?" गुरुजींनी फोक दाखवून सांगितलं की कवीला जे दिसतं ते तुझ्यासारख्या ढ माणसाला दिसत नाही. सगळे हसले. गौतम हसला नाही. तो दरडीकडं आणि मग पाण्याकडं बघत राहिला, आणि मला वाटतं तो तेव्हापासून मरेपर्यंत तसाच बघत राहिला.

गौतम बौद्धवाड्यातला. त्याच्या घरात कॉलेजात गेलेला तो पहिला. मराठी घेऊन शिकला आणि आमच्याच शाळेत मराठीचा मास्तर होऊन आला. इतर मास्तर गाईडमधली उत्तरं लिहून द्यायचे, 'कवी निसर्गाच्या सान्निध्यात आपले दुःख विसरतो.' गौतम पोरांना झिऱ्यावर न्यायचा, पुस्तकं वर्गातच ठेवायला लावायचा आणि म्हणायचा, "कविता म्हणजे कुणीतरी कुठंतरी उभं राहून बघितलेलं असतंय. आधी कुठं उभा हाय ते हुडका, मग काय म्हणतोय ते कळंल." आणि ते हुडकताना त्याचं घोडं दरवेळी त्याच जागी अडायचं, शेवटच्या कडव्यातल्या उन्हापाशी.

त्यापायी त्यानं मलाही कमी फिरवलं नाही. एका वर्षी म्हणाला, उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकतो आणि दरड त्या अंगाला जरा खाली आहे, तेव्हा ऊन तिथून येत असेल. भर मे महिन्यात दुकान बंद करून मी त्याच्याबरोबर तिथं घाम गाळत बसलो. ऊन आलं नाही. पुढं त्याच्या डोक्यात आलं की ओढ्यापलीकडच्या टेकडीवर दर्ग्याची पांढरी भिंत आहे, तिच्यावर पडलेलं ऊन माघारी फिरून पाण्यात पडत असेल. उरुसाला भिंतीला नवा चुना लागला तसे आम्ही बघायला गेलो. मुजावर म्हातारा समजला नवस बोलायला आलोत. "क्या मांगनेकू आये सर?" त्यानं विचारलं. गौतम म्हणाला, "धूप मांगनेकू आये बाबा." म्हाताऱ्यानं गंभीरपणे दुवा दिली. त्या दुवेचाही काही उपयोग झाला नाही. मी त्याला म्हणायचो, "अरे ऊनच पायजे तर माझ्या दुकानात येऊन बस, पत्र्यातून लागंल तेवढं मिळंल. आन ह्या कवितेचं बी एकदा पेरून बघ, उगवतंय का." तो म्हणायचा, "तुझ्या पिशवीतलं तरी कुठं उगवायलंय?"

थट्टा थट्टेच्या जागी. पण ही कविता त्याला का सुटत नव्हती, ते एकदा कळलं. आम्ही झिऱ्यावर बसलो होतो. डोणीच्या वरती दरडीत एक देवळी होती, म्हणजे कोनाडा, आणि तिच्यात एक करवंटी ठेवलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं तिनं पाणी घ्यावं आणि परत ठेवावी. ती गौतमनंच ठेवली होती. जुनी झाली की घासून, काठ गुळगुळीत करून नवी ठेवायचा. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "माझी मोठीमाय." मोठीमाय म्हणजे त्याची आजी. तिच्या काळात त्यांच्या माणसांना डोणीला हात लावायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर तो वरून करवंटीनं ओतायचा. कधी दुपारची संध्याकाळ व्हायची. "मागावं लागायचं तिला, नागू. दररोज. आन ह्या कवीला हितं बसून मागायचं काही उरलं न्हाई म्हणं. मला बघायचंय तो कुठं बसला हुता." त्या ओतणाऱ्यांत आमच्याही घरची माणसं असणार. तो तसं कधी बोलला नाही, आणि मीही तो विषय वाढवला नाही.

पोरांना तो हे असं सांगत नसे. शेवटच्या ओळीपाशी थांबायचा आणि एवढंच म्हणायचा, "ही ओळ परीक्षेपुरती पाठ करा. ज्याला कधी खरी वाटंल त्यानं मला येऊन सांगा." पोरं मोठी झाली, पुण्याला गेली, हैद्राबादला गेली, सरांना भेटायला पेढे घेऊन आली. ते सांगायला कुणी आलं नाही.

मग दरडीवर मशीनवाल्यांची नजर गेली. तांबडा दगड कापून विटांसारखा विकला जातो, त्याला भाव आला होता. दरड गायरानात होती. कुणा ठेकेदारानं ती दगडासाठी मागितली, आणि कुणाचा आक्षेप असेल तर सांगा म्हणून सुनावणी लागली. गावात दोन तट पडले. काही म्हणत, पोरांना काम मिळेल. बाकीच्यांना झिऱ्याची काळजी होती. दरड गेली की पाणी जाणार हे सांगायला शहाणा लागत नव्हता. पण कुणीतरी माहिती काढून आणली की पाण्याचा मुद्दा टिकणार नाही, कारण सरकारी कागदात गावाला नळ आलेला होता. कागदातल्या नळाला पाणी असतंच. जागेला काही इतिहास असेल, मोठं माणूस, साहित्य असं काही असेल, तर मात्र अडवता येईल. झालं. सगळ्यांची तोंडं गौतमकडं वळली. ज्या कवितेपायी त्याला निम्मं गाव येडा म्हणायचं, तीच आता गावाची ढाल झाली.

सुनावणीला आलेले साहेब कन्नड होते, धारवाडकडचे, मराठी येत नव्हतं. पण माणूस वाचणारा निघाला. म्हणाले, कविता मला कन्नडमध्ये सांगा, मी ऐकतो. सांगणार कोण, तर गौतमच. त्याच्याइतकं चांगलं कन्नड आणि चांगलं मराठी आमच्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. सकाळीच मी त्याला गाठलं. म्हटलं, "गौतम, शेवटचं कडवं तेवढं सोड. साहेबाला मराठी येत न्हाई. दरड हाय, जांभूळ हाय, शिंदी हाय, तेवढ्यावर भागतंय. उन्हाचं कशाला काढायलास?"

तो म्हणाला, "मग बाकीची कविता कुणाची रे?"

"कुणाची का असंना! पाणी तर वाचंल?"

त्यानं चपला पायात सरकवल्या. मला वाटलं पटलं त्याला.

साहेब झिऱ्यावरच बसले. सगळं गाव गोळा झालं होतं. गौतमनं उभं राहून कविता आधी मराठीत म्हटली आणि मग एकेक ओळ कन्नडमध्ये सांगितली. मी खूप भाषणं ऐकली, आमदारांची ऐकली, महाराजांची ऐकली, पण तसं बोलणं पुन्हा ऐकलं नाही. साहेब मान डोलावत होते. मी मनात म्हणत होतो, आता थांब, आता बस कर... तो थांबला नाही. शेवटच्या कडव्यातलं ऊन त्यानं कन्नडमध्ये पाण्यात उतरवलं, तेही इतकं सुंदर की साहेबांनी सहज वळून डोणीकडं बघितलं. नुकतेच चार वाजले होते. डोणीवर सावली आली होती.

साहेबांनी दरडीकडं बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मऊ आवाजात कन्नडमध्ये विचारलं, "सर, इथं संध्याकाळी ऊन येतं का?"

नाही म्हणून चालणार नव्हतं आणि हो म्हटलं तरी तपासायला कोण थांबणार होतं? साहेबांची जीप चालू करून ठेवलेली होती. गावातली सगळी माणसं गौतमच्या तोंडाकडं बघत होती. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, जमिनीकडं बघत राहिलो.

"नाही साहेब," तो म्हणाला. "येत नाही. मी आयुष्यभर बघितलंय. ही कविता दुसऱ्या कुठल्यातरी पाण्याची आहे."

मग तो पुन्हा म्हणाला, "कविता कुठलीही असो. पाणी इथलंच आहे. माणसं त्यावर जगलीत. तेवढं लिहा." साहेब म्हणाले, "सर, ते लिहायला माझ्याकडं जागा नाही." त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. वाईट वाटून जीपमध्ये बसून ते गेले.

त्यानंतर गावानं त्याला जे ऐकवलं ते मी इथं लिहिणार नाही. थोडं लिहितो. "ह्याच्या माणसांना पाणी मिळत नव्हतं, त्याचा सूड उगवला ह्यानं," असंही एक जण पारावर बोलला. ते गौतमच्या कानावर गेलं. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो तेव्हा गौतमनंच मला धरलं. राग तर मलाही होता. मी त्याला तोंडावर विचारलं, "काय मिळवलास रे खरं बोलून?" तो म्हणाला, "पोरांना काय शिकवलं म्या एवढी वर्षं? कवी कुठं उभा हाय ते हुडका. हुडकून हुडकून घावलं, कवी हितं न्हाईच. मग गरज पडली म्हणून त्याला हितं आणून बसवू व्हय?" मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. एक खोटं बोलला असता तर एक झिरा राहिला असता. मीही धंदेवाला आहे, मला हा सौदा स्वस्त वाटतो.

मशीन आली. तांबडी धूळ आमच्या दुकानापर्यंत यायला लागली. जांभूळ पहिल्या झटक्यात गेलं. झिरा लगेच आटला नाही, आधी पाणी गढूळ झालं, मग करंगळीएवढी धार राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली. ज्यांना काम मिळणार होतं त्यांना मिळालं नाही, बाहेरच्या राज्यातली माणसं आली. मशीन लागली त्या दिवशी गौतम जाऊन देवळीतली करवंटी तेवढी घेऊन आला. पुन्हा त्या दिशेला गेला नाही. कविता मात्र शिकवत राहिला, वर्गात बसून, गाईडमधल्यासारखी. मराठीच्या वर्गातली मुलंही दरवर्षी कमी होत होती. शेवटी तर चार टाळकी बसायची आणि हा फळ्यापाशी उभा राहून त्यांना निसर्गाचं सान्निध्य सांगायचा. एकदा मी खिडकीतून ऐकलं आणि तसाच माघारी फिरलो.

निवृत्त झाला आणि त्याची मूत्रपिंडं गेली. राहुलनं त्याला कलबुर्गीला नेलं. ठरल्या वारी डायलिसिसच्या मशीनवर घालायचे. ह्या आजारात पाणी अंगात साठतं, म्हणून दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा गौतम खिडकीपाशी खाटेवर बसला होता. ओठ फुटले होते, जीभ तोंडात फिरवून बोलत होता. उशाला ती करवंटी. दिवसाच्या वाट्याचं पाणी संगीता वहिनी तिच्यातूनच द्यायच्या, कारण पेल्यातलं तो एका घोटात संपवायचा आणि मग दिवसभर तळमळायचा, करवंटीतलं मात्र घोट घोट पुरवायचा.

मी खुर्चीवर बसलो. इकडचं तिकडचं बोललो, पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं. तो ऐकत होता आणि दाराकडं बघत होता. थोड्या वेळानं हाक मारली, "संगीता... थोडं दे की." वहिनी आत आल्या. "मघाशीच दिलं की ओ. आता पाचाला." आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

गौतम माझ्याकडं बघून हसल्यासारखं करत म्हणाला, "बघ नागू. मोठीमाय मागायची, आता म्या मागायलोय. मधल्या मधी शाळा शिकलो तेवढीच."

मला काहीतरी दिलासा द्यायचा होता. म्हटलं, "खोटं कडवं होतं ते. कुणाचं काही मागायचं संपत नसतंय." त्यानं उशाची करवंटी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाला, "न्हाई. खोटं नसंल. ज्याचं हाय त्याचं खरं असंल. आपलं नव्हतं ते, एवढंच." पाच वाजायच्या आत मी उठलो. त्याला ते पाणी पिताना बघायचं माझ्यात बळ नव्हतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसांच्या विधीला, वहिनींनी ती करवंटी माझ्या हातात दिली. "तुमीच ठिवा भाऊजी, मला बघवत न्हाई," म्हणाल्या. मी ती पिशवीत घातली आणि बसनं परत आलो. दुकानात ठेवणार होतो, पण गावाच्या फाट्यावरच उतरलो, का ते सांगता येणार नाही. दगड संपल्यावर खाण बंद झालेली, तिकडं आता कुणी जात नाही. दरड होती तिथं आरपार मोकळं आहे. जमिनीलगत कापून सपाट केलेला तांबडा माळ, कापलेल्या दगडांचे तुकडे, आणि त्यांत डोणीचा फुटका एक काठ तेवढा ओळखू येतो. मी जाऊन त्या काठावर बसलो, वर्ग बसायचा त्याच जागी.

दिवस कलला. चार वाजून गेले, सावली आली नाही. सावली पाडायला दरडच नव्हती. सूर्य खाली खाली गेला, माळावर टेकला, आणि दिवसाचं शेवटचं ऊन सरळ येऊन डोणीत उतरलं. अगदी कवितेत उतरतं तसं. ज्या उन्हासाठी गौतमनं मला मे महिन्यात भाजलं, दर्ग्याच्या भिंतीपाशी उभं केलं, ज्याच्यापायी तो साहेबासमोर खरं बोलला, ते आलं. आता साहेब आले असते तर त्याला हो म्हणता आलं असतं. त्याच्या नशिबानं त्याला हे बघावं लागलं नाही, असं आधी वाटलं, आणि मग त्यानं हे बघायला पाहिजे होतं असंही वाटलं, आणि मग मला हुंदका आला.

ऊन गेलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. करवंटी हातातच होती. डोणीत धूळ होती, आणि पाणी मागावं असं आसपास कुणी नव्हतं.